नावातला एच

जंगलाकडच्या गावांतून येणाऱ्या पोरांचे कागद लांबूनच ओळखू येतात. ते दोन पिशव्यांत असतात. आतली कापडदुकानाची, बाहेरची दुधाची, धुऊन दोरीवर वाळवलेली. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, जूनला लागलेला पाऊस गणपती बोळवले तरी हलत नाही. भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी धरते, आणि एखादा दाखला भिजला की परत नाडकचेरीला, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीला, हेलपाटे. म्हणून कागद दोन पिशव्यांत, आणि पिशवी फळीवर, देवांच्या शेजारी.

त्या मुलीनं गाठ सोडली, एकेक कागद माझ्यापुढं मांडला आणि म्हणाली, "मी रातीच सगळं लावून ठेवलो बाई. काय राहिलंय काय बघा की."

आमच्याकडच्या मुली 'मी आलो', 'मी ठेवलो' असंच म्हणतात. माझी पुण्याची जाऊ पहिल्यांदा ऐकून खुदकन हसली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही वर्गात ते दुरुस्त करायची, "आले म्हण, आले." मुली माझ्यासमोर 'आले' म्हणायच्या आणि दारातून बाहेर पडताना "जातो बाई." मग मीच सोडून दिलं.

मी रविवारी खानापुरात एका ओळखीच्यांच्या ओसरीवर बसते, दहापासून दोनपर्यंत. मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि त्यानंतर हे काम अंगाला चिकटलं. ट्रस्टवाल्यांच्या, फाउंडेशनवाल्यांच्या शिष्यवृत्त्यांचे फॉर्म भरून द्यायचे. पाटी नाही, पावतीबुक नाही. एक लॅपटॉप, भाच्यानं टाकून दिलेला स्कॅनर, आणि फोनच्या नेटला लहर आली तर नेट.

मार्क्स कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, पासबुक. दहावीला ६२५ पैकी ५७१. पहिली भाषा मराठी, १२५ पैकी १२२. वडील गोव्यात बांधकामावर, आई दुसऱ्याच्या रानात लावणीला, मोठ्या भावानं नववीत शाळा सोडलेली. बेंगळूरच्या एका फाउंडेशनची शिष्यवृत्ती होती. नव्वद टक्क्यांच्या वर मार्क आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न, दोन्ही बसत होतं. मी खुशीत टाइप करायला लागले आणि पहिल्याच रकान्यात थांबले.

मार्क्स कार्डावर तिच्या नावात एक एच होता. आधारवर तो नव्हता.

मुलीचं नाव सांगत नाही, शेवटी 'ता' आहे एवढं पुरे. गीता घ्या, नाहीतर अनिता. इंग्रजीत लिहिताना आपण मराठी माणसं 'ता'ला टी-ए लिहितो. कानडी रीत टी-एच-ए, कारण नुसता टी त्यांनी 'ट'साठी राखून ठेवलेला असतो. (खरं सांगायचं तर त्यांचीच रीत जास्त तर्काची. आपण 'ट' आणि 'त' एकाच दावणीला बांधतो आणि मग पुढच्यानं अंदाज करायचा.) शाळेतलं नाव पहिलीच्या दाखल्यावर एका हातानं लिहिलं, आधारचं दुसऱ्या हातानं, आणि पासबुकात तिसऱ्या कुणीतरी वडिलांचं नाव पुढं टाकून हिचं मागं ढकललं. माणसाला समोर बसलेली मुलगी एकच दिसते. फॉर्म तपासणाऱ्या संगणकाला तीन दिसतात, आणि तिघींपैकी एकीलाही तो पैसे देत नाही.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरण्यामागं जुनं काहीतरी आहे, तेही सांगून टाकते. १ नोव्हेंबरला इकडं सरकारी राज्योत्सव असतो आणि मराठी माणसाचा काळा दिन. १९५६ साली त्याच तारखेला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आलो. वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून, दंडाला काळी फीत लावून, मी त्या फेऱ्यांतून फिरलेली आहे. तेव्हा मुलीच्या नावात बसलेला तो एच मला नुसता एच वाटला नाही.

पण ते राहू दे.

मी बेळगावच्या वडगावातल्या विणकराची मुलगी. आमच्या गल्लीत पहाटेपासून मागांची खटखट असायची, आणि ती थांबली की आम्हाला झोपेतून जाग यायची. शाळा सुटली की कांड्या भरायच्या. आठवीपर्यंत पुस्तकांची अडचण आली नाही, चुलतबहिणीची मिळत. नववीत ती गेली गावाला, आणि वर्गशिक्षिका बाईंनी मला एका शनिवारी शहापुरातल्या एका ट्रस्टच्या खोलीवर नेलं. टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ गादीवर बसलेले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"घरात माग किती?"

"दोन."

"चालू किती?"

"एक."

झाला आमचा उत्पन्नाचा दाखला. सुताचा भाव काय आणि साडीची मजुरी काय हे त्यांना तोंडपाठ होतं. पुढचं गणित त्यांनी मनात केलं आणि कपाटातून पुस्तकांचा गठ्ठा काढून दिला. वर्षअखेरीला परत आणून द्यायचा, पुस्तकात काही लिहायचं नाही. लिहायचं नाही म्हटलं तरी माझ्याआधीच्या मुलीनं समासात पेन्सिलीनं बारीक बारीक लिहून ठेवलेलं होतं. आर्किमिडीजच्या तत्त्वाशेजारी 'हे विचारतातच', एका कवितेखाली 'पाठ नाही केली तरी चालते'. ती कोण होती कधी कळलं नाही. तिच्या भरवशावर मी नववी काढली आणि परत देताना त्यात माझ्या दोनचार ओळींची भर घातली.

ही आठवण मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे, आणि ऐकणारे मान हलवून म्हणतात, तेव्हाची माणसंच वेगळी. मीही कित्येक वर्षं हेच म्हणायची. मग एकदा सांगता सांगताच मला माझ्या बाकावरची दुसरी मुलगी आठवली. गल्लीच्या टोकाला त्यांची वस्ती, माझ्याइतकीच हुशार, गणितात माझ्यापुढं. तिला त्या खोलीवर कुणी नेलं नाही. अशी खोली आहे हे मीही तिला सांगितलं नाही. गठ्ठे मोजके होते, एवढं मला कळत होतं. दिवाळीनंतर ती शाळेत यायची बंद झाली.

फॉर्म नव्हता हे खरं. पण फॉर्म नव्हता म्हणून त्या खोलीची वाट ओळखीनं जायची, आणि ओळख जातीनं, गल्लीनं. हे शाहू महाराजांना १९०१ सालीच कळलं होतं. त्यांनी कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगं उघडायला सुरुवात केली, त्याला आज कुणी नाकं मुरडोत. निपाणीला १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली, तेव्हा ज्यांना कुणी खोलीवर नेत नव्हतं ती माणसं स्वतःच एकत्र जमली होती. आमच्या गल्लीपासून निपाणी फार तर सत्तर-ऐंशी किलोमीटर. आमच्या घरात त्या परिषदेबद्दल कधी कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

तर आज संगणकाच्या रकान्यावर चिडताना मी स्वतःला ती मुलगी आठवून देते. रकान्याला गल्ली कळत नाही. अडतं ते दुसरीकडं.

आता फाउंडेशनांचा पैसा कसा फिरतो ते थोडं सांगायला हवं. २०१४ पासून कायदा आहे की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीनं, म्हणजे पाच कोटी नफा किंवा हजार कोटी उलाढाल किंवा पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता असलेल्या कंपनीनं, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. शिक्षण त्या यादीत आहेच. शिवाय आपण जिथं धंदा करतो त्या परिसराला अग्रक्रम द्यावा, असंही त्यात म्हटलंय. वाचायला छान आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की कारखान्याच्या धुराड्यावरून दिसतील तेवढ्या गावांना बेंच मिळतात. भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांत, गवळी धनगरांच्या वस्त्यांवर, साकव वाहून गेला की शाळा सुटते तिथं, धुराडं नाही. वाघ आहे. वाघासाठी पैसे देणारी फाउंडेशनं वेगळी.

बेंचवरून आठवलं. जूनमध्ये वह्यावाटपाचे फोटो बघा पेपरात. मुलं सहा, वह्या बारा, पाहुणे अकरा. मुलाच्या हातातली वही एकाच वेळी पाच जणांनी धरलेली. मी हसते खरी, पण त्या वह्याही लागतातच. माझा राग वह्यांवर नाही, फोटोसाठी दोन तास उन्हात उभ्या केलेल्या पोरांपायी आहे.

एका शाळेला कुठल्याशा कंपनीनं भिंतीएवढा स्मार्ट बोर्ड दिला. हेडमास्तरांनी मला मुद्दाम दाखवायला नेलं. बोर्ड उत्तम. त्यातले धडे इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. "मराठीत नाहीत काय?" म्हटलं. होते की, नेटवर ढिगानं होते. पण ते महाराष्ट्र बोर्डाचे. आमची पोरं शिकतात मराठीतून, पुस्तक कर्नाटक बोर्डाचं. तोच धडा नाही, तोच क्रम नाही, विज्ञानाचे पारिभाषिक शब्दसुद्धा काही ठिकाणी वेगळे. पुण्यातला शिकवणारा ज्या प्रश्नाला 'हमखास येणारा' म्हणतो तो आमच्या पेपरात येतच नाही. सीमाभागातलं मूल म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी त्या बोर्डासमोर त्याला नेऊन उभं करीन. त्यावर आता बालदिनाची गाणी लागतात.

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आमच्यासाठीच केली असावी. पुण्या-मुंबईच्या ट्रस्टांना मराठी मुलांबद्दल खरी आच आहे, पण फॉर्ममध्ये महाराष्ट्राचा अधिवास दाखला मागतात. तो आमच्याकडं कुठला? महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर दावा सांगतं तिथल्या मुलांसाठी तिकडच्या कॉलेजांत काही सवलती आहेत. त्यासाठीचा कागद वेगळा, तो मिळवायची वाट वेगळी, आणि ती माहीत असलेली माणसं प्रत्येक गावात असतातच असं नाही. इकडच्या फाउंडेशनांचे फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. मुलांना कन्नड येत नाही असं नाही, हल्लीची पोरं फर्रास बोलतात. पण ज्या आईनं सही करायची तिला ते वाचता येत नाही, आणि न वाचता सही करू नये हे आम्हीच तिला साक्षरतेच्या वर्गात शिकवलेलं असतं.

सगळ्यात जास्त जीव जळला तो एका मोठ्या फाउंडेशनच्या मुलींसाठीच्या शिष्यवृत्तीपायी. वर्षाला ३० हजार, पदवी होईपर्यंत. इतकी सढळ मदत मी माझ्या नोकरीत पाहिली नव्हती. अट एकच, दहावी आणि बारावी दोन्ही सरकारी शाळा-कॉलेजातून झालेली असावी. अट वाईट नाही. गरिबाची पोर सरकारी शाळेतच जाते, हा हिशोब इतर जिल्ह्यांत बरोबर बसतो. आमच्याकडं प्राथमिक मराठी शाळा सरकारी आहेत, पण हायस्कुलं बहुतेक जुन्या शिक्षणसंस्थांनी काढलेली, अनुदानित. गावात सरकारी मराठी हायस्कूल नाही म्हणून पोर अनुदानित शाळेत गेली. फी तीच नाममात्र, गरिबी तीच. फॉर्ममध्ये मात्र ती खासगीवाली. माझ्या ओसरीवर त्या वर्षी आलेल्या नऊ मुलींपैकी सात त्या एका रकान्यात गळाल्या. मुंबईत नाहीतर बेंगळुरात काचेच्या इमारतीत बसलेल्या ज्या कुणी ही अट लिहिली तिचा हेतू मला शंभर टक्के पटतो. तिनं येऊन एक रविवार माझ्याजवळ बसावं, चहा मी देते.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते मला इतकं आवडतं की इथं नावानिशी सांगते. आमच्याकडं शाळेतल्या दुपारच्या जेवणाला अक्षर दासोह म्हणतात. त्यात सरकार आठवड्यातून दोन दिवस अंडं देत होतं. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं उरलेल्या चार दिवसांचा खर्च उचलला, तीन वर्षांसाठी सुमारे दीड हजार कोटी रुपये. आता सोमवार ते शनिवार रोज अंडं, जे खात नाहीत त्यांना केळं. आधी शेंगदाण्याची चिक्कीही मिळायची. आणि हे सरकारी शाळांना आणि अनुदानित शाळांनाही. पहिली ते दहावी, कन्नड, मराठी, उर्दू, सगळ्या माध्यमांना. बाजारात अंड्याचा भाव चढला की हेडमास्तरांना थोडी पदरमोड करावी लागते, सोलायला माणूस मिळत नाही, अशा कुरबुरी आहेत. असू देत. अंडं मागायला फॉर्म भरावा लागत नाही. अंड्याला नावातला एच लागत नाही. मी ओसरीवर येणाऱ्या लहान भावंडांना मुद्दाम विचारते, "आज काय होतं रे?" आणि ती हाताची मूठ करून दाखवतात, एवढं.

दासोह हा शब्दही बघण्यासारखा आहे. तो बसवेश्वरांच्या शरण परंपरेतला. दान म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली येतो. दासोहात देणारा स्वतःला दास म्हणवतो, आपलं म्हणून काही देतोय हा भावच नको. रोज दुपारी आमची मराठी पोरं हा कानडी शब्द खिचडीसारखा सहज तोंडात घोळवतात, आणि आम्ही मोठी माणसं त्याचा अर्थ विचारत नाही.

आणि एक गोष्ट आमच्या बाजूनं फारशी कुणी बोलत नाही, ती मी बोलते. १९१६ साली बेळगावात सात तरुण शिक्षकांनी एक इंग्रजी शाळा काढली. त्यांच्या कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीचा पुढं एवढा वटवृक्ष झाला की त्यांचं हॉस्पिटल आणि कॉलेजं दाखवल्याशिवाय आता बेळगाव दाखवून होत नाही. ती शाळा त्यांनी का काढली? कारण त्या काळच्या बेळगावात, मुंबई इलाख्यात, शिक्षणात चलती मराठीची होती आणि कानडी मुलांची आबाळ होत होती. म्हणजे तेव्हा उपाशी पाहुणे ते होते आणि यजमान आम्ही. त्याच्याही आधी शिरसंगीचे देसाई लिंगराज १९०६ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात आपली इस्टेट समाजातल्या मुलांच्या शिक्षणासाठी लिहून ठेवलेली होती. १९३३ साली सुरू झालेलं लिंगराज कॉलेज त्यांच्याच नावाचं. तिथं पुढं कितीतरी मराठी मुलं शिकली, माझा सख्खा भाऊ त्यातला एक. फॉर्मवर त्याला कुणी मातृभाषा विचारली असेल, तर त्यानं लिहिली असेल, आणि तरी त्याला प्रवेश मिळाला.

मराठी बाजूनंही संस्था उभ्या राहिल्याच. साउथ कोंकण एज्युकेशन सोसायटीचं राणी पार्वतीदेवी कॉलेज, दक्षिण महाराष्ट्र शिक्षण मंडळाचं भाऊराव काकतकर कॉलेज, ही नावं बेळगावच्या घराघरांत आहेत. खेड्यांत अजूनही दहावीच्या पोरांसाठी हिवाळ्यात व्याख्यानमाला भरवतात, बेळगावचे शिक्षक स्कूटरवरून जाऊन फुकट शिकवून येतात, आणि मंडळ त्यांना पेट्रोलचे पैसे द्यायला गेलं तर भांडण होतं. हे सगळं फाउंडेशन या शब्दात बसत नाही. यातलं काही कुठं नोंदलेलंही नाही. पण मुलीचे ५७१ मार्क आले ते काही आभाळातून पडले नाहीत. मराठीच्या पेपरला पहिली भाषा म्हणून २५ मार्क जादा असतात, आणि आमची कितीतरी पोरं त्या १२५ च्या पेपरावर तरून नव्वदीच्या वर जातात. विद्याधनसारख्या चांगल्या शिष्यवृत्त्यांची रेघ नव्वद टक्क्यांवर आहे, म्हणजे ६२५ पैकी ५६३. निबंधात चार मार्क गेले की अकरावीची फी गेली. मी पोरींना हे असंच सांगते, कुसुमाग्रजांबद्दल नंतर बोलू.

पुढचं थोडक्यात. ती मुलगी आता पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, विज्ञान शाखा, सगळं इंग्रजीत. पहिले तीन महिने वर्गात काय चाललंय तेच कळत नव्हतं म्हणे, मग मराठी पुस्तक शेजारी ठेवून वाचायला लागली. गावापासून कॉलेजपर्यंत रोज बसनं जाते. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायका-मुलींना बसचा प्रवास फुकट आहे, आधार दाखवलं की शून्य रुपयाचं तिकीट. सरकारवर टीका करायला मला आवडतं, पण या एका तिकिटानं खानापूरच्या रानातल्या जेवढ्या पोरी अकरावीत बसवल्या तेवढ्या माझ्या ओळखीच्या कुठल्या ट्रस्टला जमल्या नसतील. शिष्यवृत्तीचे पैसे आले. उशिरा आले, जानेवारीत, तोवर आईनं बचतगटातून उचल घेतलेली होती. पण आले.

मला मात्र सांगायचं होतं ते त्या पहिल्या रविवारचं.

मुदतीला अकरा दिवस होते. नाव एकसारखं करायला दोन वाटा. एक, मार्क्स कार्डावरचा एच काढायचा. त्यासाठी शाळेचा अर्ज, जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, मग बेंगळूरला बोर्डाकडं, आणि महिने. दुसरी, आधारमध्ये एच घालायचा. मार्क्स कार्ड दाखवलं की होतं, फक्त आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी खर्ची पडणार.

व्यवहार दुसऱ्या वाटेचा होता हे मला कळत होतं. तरी मी तिला लहानसं भाषण दिलं. हे तुझं नाव आहे, म्हटलं. आईबापांनी ठेवलेलं, मराठी नाव. ते कुणाच्या तरी रीतीनं लिहिलं गेलं म्हणून तू जन्मभर ते तसंच वाहायचं काय? मी हेडमास्तरांशी बोलते, बोर्डाला पत्र लिहिते, ओळखीचा वकील आहे, या वर्षीची शिष्यवृत्ती गेली तर दुसरी बघू. मी बरंच बोलले असणार, कारण ओसरीवरच्या यजमान वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

मुलगी मान खाली घालून ऐकत होती. हातात ते मार्क्स कार्ड. बोलणं थांबलं तसं तिनं ते परत पिशवीत घातलं, पिशवीवर पिशवी चढवली, आणि गाठ मारता मारता म्हणाली,

"आधारच बदलूया की बाई. मार्क पडलेत ते एचवाल्या नावावर."

वहिनींनी कप खाली ठेवला. पुढच्या रविवारी ती आधारची पोचपावती घेऊन आली, दोन पिशव्यांत. मी फॉर्म पुन्हा उघडला आणि पहिला रकाना टाइप केला. टी, एच, ए.